सरळ फांद्या

ओळखपत्र हातातून निसटलं आणि ते उचलायला मी वाकले, एवढंच झालं. वाकताना मान तिरकी झाली आणि स्वागतकक्षाच्या भिंतीवरचं ते भलंमोठं चित्र, मीच बनवलेलं, पहिल्यांदा खालच्या फरशीसकट डोळ्यांत आलं. फरशीचे सांधे जिकडे धावत होते तिकडेच चित्रातल्या फांद्या धावत होत्या. उभ्या, नाहीतर आडव्या. निळ्या पातळ धातूत वाढत गेलेल्या सोनेरी फांद्या, शंभरावर दाणे, प्रत्येक दाण्याला मी स्वतः वेगळा कल नेमून दिलेला, आणि सगळे मेले शाळेत रांगेत उभे केल्यासारखे सरळ. चार महिने हे चित्र त्या भिंतीवर आहे. येणारा-जाणारा त्याच्यासमोर थांबतो, कोणी त्याला जंगल म्हणतं, कोणी काचेवर साचलेलं बर्फ म्हणतं. आमचे संचालक, ज्यांना आम्ही पाठीमागे वावा म्हणतो कारण त्यांच्या तोंडून कौतुकाखेरीज फारसं काही बाहेर पडत नाही, पाहुण्यांना खांद्याला धरून त्याच्यापुढे नेऊन उभं करतात. मीही रोज त्याच्यासमोरून जाते आणि जाताना जरा हळू होते, खोटं कशाला बोलू. आज वाकल्यावर कळलं की या फांद्या धातूच्या नाहीतच. मी तशीच वाकलेली राहिले. स्वागतिकेनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का मॅडम?" मी म्हटलं, "काही नाही गं, चहा जरा जास्त झाला." तिनं मान हलवली आणि वाजणारा फोन उचलला.

काय झालं होतं ते सांगते. अवघड काही नाही, म्हणून तर जास्त लाज वाटते. वितळलेला धातू थंड व्हायला लागला की त्यात जागोजागी घट्ट धातूचे ठिपके जन्माला येतात. ठिपक्याला फांद्या फुटतात, फांद्यांना आणखी फांद्या, आणि प्रत्येकाचा कल वेगळा, कारण कोण कुठल्या अंगावर जन्माला येईल ते कोणाच्या हातात नसतं. वाढता वाढता ते एकमेकांना भिडतात आणि तिथंच थांबतात. असा एकेक म्हणजे दाणा. दोन दाणे भिडतात तिथं सांधा राहतो, आणि धातूला तडा जायचाच असेल तर त्याला असला सांधा सोयीचा पडतो. हे सगळं भट्टीत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही ते कॉम्प्युटरवर वाढवतो. जागेचे बारीक चौकोन पाडायचे आणि क्षणाक्षणाला एकेका चौकोनाला विचारायचं, बाबा रे, तू आता किती पातळ, किती घट्ट. चौकोन पुरेसे बारीक असले तर धातू आपल्या मनानं वाढतो. जाड ठेवले तर त्याला चौकोनांचंच वळण लागतं. फांदी निघते तिरकी आणि चार पावलांत मुकाट्यानं चौकोनाच्या रेघेला लागते. पहिल्या वर्षाच्या पोरांना हे शिकवतात. मी शिकवते. दरवर्षी नव्या पोरांपुढे उभी राहून सांगते की आपण पाडलेली जाळी उत्तरात दिसली तर समजा, धातूनं नाही, तुम्हीच उत्तर दिलंत. आणि ती निमूटपणे लिहून घेतात. आणि या कामात, आयुष्याची सहा वर्षं घातलेल्या या कामात, मी चौकोन जाड ठेवले होते. बारीक ठेवले असते तर एकेक गणित तीन महिने चाललं असतं. जाड ठेवल्यावर ते आठ दिवसांत आटपत होतं. 'तात्पुरतं' असं मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं आणि खाली रेघही मारली होती.

काम होतं बसच्या ब्रेकचं. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा जो ओतीव जबडा असतो, त्याचं. आजवर दर शंभर जबड्यांमागे एक जबडा आमच्या तळघरातल्या खोलीत यायचा, कापला जायचा, घासला जायचा, आणि त्यातले दाणे खरोखर कसे आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं जायचं. आज दुपारी चार वाजता माझी अहवालावर सही झाली की हे बंद होणार होतं. यापुढे कोणी काही कापणार नव्हतं. माझं मॉडेल म्हणेल तसे दाणे, आणि दाणे म्हणतील तेवढा ब्रेक मजबूत. शहरभर धावणाऱ्या बसगाड्यांच्या ब्रेकबद्दल शेवटचा शब्द माझा. मी लिफ्टमध्ये उभी होते आणि लिफ्टच्या आरशाला कोणाच्या तरी तेलकट बोटांचे ठसे होते. मला ते बघवेनात आणि दुसरीकडे बघायला जागाही नव्हती.

किळस मला फार लवकर येते, हे माझं जुनंच दुखणं. दुधावरची साय, दुसऱ्याचा कंगवा, साबणाच्या वडीला चिकटलेला केस, कोणी हातात दिलेला ओलसर पेन. आई म्हणायची, ही पोरगी डोळ्यांनी नाही, नाकानं जगते. ती गेली आणि बाबा माझ्याकडे आले, आणि आता रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी त्यांची कवळी धुते. आजही धुतली. पाण्यात ठेवलेले ते गुलाबी हिरडीचे दात, फटीत अडकलेला पोळीचा कण, तो काढताना बोटांना होणारा तो बुळबुळीत स्पर्श. बाबा खुर्चीत बसून, तोंड आत ओढलेलं, माझ्याकडे बघत असतात आणि मी चेहऱ्यावर काही येऊ देत नाही. त्यांना ते कळतं. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं, त्यांच्यापासून काही लपत नाही. सातवीत असताना मी एक गणित मागच्या पानावरचं उत्तर बघून जमवलं होतं. पायऱ्या अशा बेमालूम बसवल्या होत्या की मलाच त्या खऱ्या वाटायला लागल्या होत्या. बाबांनी वही हातात घेतली, वरून खाली बघितलं, आणि तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधे बोट ठेवून म्हणाले, "इथे तुला उत्तर माहीत होतं." बस, एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं त्याला राग म्हणत नाहीत. जेवताना घासात केस लागला की माणूस जसा थांबतो, तसे ते थांबले होते. मार खाल्ला असता तर दोन दिवसांत विसरले असते. तो थांबलेला चेहरा मात्र माझ्या अंगाला तसाच लागून राहिला, आणि पुढे मी जे काही शिकले, जितक्या परीक्षा दिल्या, त्या सगळ्या मला वाटतं तो चेहरा धुऊन काढायला दिल्या.

जागेवर आले, दार लावून घेतलं आणि आधी खात्री करून घ्यायची म्हणून एक लहानसं गणित लावलं. एकच दाणा, तीस अंशांनी कललेला, तेच जाड चौकोन. शेजारच्या खिडकीत तोच दाणा, पण चौकोन बारीक. वीस मिनिटांचं काम, सहा वर्षांत कधीही करता आलं असतं. का नाही केलं? वेळ नव्हता म्हणावं, तर वावांच्या पाहुण्यांसाठी रंग बदलून बदलून चित्रं काढायला मला वेळ होता. निळा जरा गडद करा, सोनेरी जरा लाल करा, वा, वा. ऑफिसात मला गमतीनं 'चित्रकार' म्हणतात आणि मी वरवर वैतागते, आतून लाडावते. पडद्यावर दोन दाणे वाढत होते. उजवीकडचा, बारीक चौकोनांतला, आपला तिरका तो तिरकाच, हळूहळू, जडपणे. डावीकडचा भराभर सुटला. त्याच्या पहिल्या फांदीनं तिरकं तोंड बाहेर काढलं, जराशी पुढे आली, मग चाचपडली, आणि मग वळली. वळताना तिच्या अंगावर एक गाठ आली आणि तिथून पुढे ती सरळ, आज्ञाधारक, चौकोनाच्या रेघेवरून चालू लागली. पाठोपाठ दुसरी. पाठोपाठ सगळ्या. मला ते पाहवेना आणि डोळेही हटेनात. त्या फांद्यांत मला एक लाचारी दिसली, साहेबाच्या मागून चालणाऱ्या माणसांसारखी, आणि ती माझीच होती, कारण तिथे दुसरं कोणीच नव्हतं. हिच्यावर मी व्याख्यानं दिली. टाळ्या घेतल्या. हिला 'निसर्गाची रचना' म्हणाले, माईकवर, तोंड वर करून.

मग एकदम आठवलं, पान सदतीस. अहवालाच्या सदतिसाव्या पानावर डावीकडे माझं चित्र आहे आणि उजवीकडे खऱ्या जबड्याच्या कापलेल्या तुकड्याचा फोटो, आणि दोन्हींत फांद्या सरळ आहेत. अगदी जुळतात. या पानावर तर सगळे भाळले होते. फोटो काही चौकोन पाडून वाढत नाही. मग खरोखरच या धातूचे दाणे सरळ वाढत असतील तर? साच्यात गारवाच असा एका बाजूनं येत असेल तर? छातीवरचं ओझं उतरलं. इतकं उतरलं की मला स्वतःचीच शंका यायला हवी होती. मी तळघरात निघाले.

तळघरातल्या खोलीत घासकाका असतात. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. आम्हाला सगळ्यांना ते घासकाका. बत्तीस वर्षं ते धातूचे तुकडे कापून घासतायत. आधी खरखरीत कागदावर, मग बारीक, मग आणखी बारीक, मग ओल्या मऊ कापडाच्या फिरत्या चकतीवर काळी पेस्ट लावून, तुकडा आरशासारखा होईपर्यंत. मग क्षणभर आम्लात बुडवतात की दाण्यांचे सांधे उठून दिसायला लागतात. त्या खोलीचा वास मला सहन होत नाही. आम्लाचा तिखट, त्याच्याखाली ओल्या फडक्यांचा, आणि त्याच्याखाली काकांच्या चहाचा, जो ते त्याच ओट्याच्या कोपऱ्यात करतात. त्यांच्या अंगठ्यांना भेगा आहेत आणि भेगांत काळं बसलंय, जे आता कधी निघणार नाही. मी तिथे सहसा जात नाही. चिठ्ठी पाठवते, तुकडे वर येतात. गेले तर बसत नाही. एकदा बसायची वेळ आली तेव्हा खुर्ची रुमालानं पुसली होती आणि काकांनी ते बघून स्वतःच दुसरं फडकं आणून दिलं होतं.

"या मॅडम," ते म्हणाले. "आज इकडे कशी वाट चुकलात?"

"काका, तो फोटो, आपल्या अहवालातला. त्याचा तुकडा ठेवलाय का?"

"आहे की. माझ्या हातून काही फेकवत नाही. बायको त्यावरून डोकं खाते माझं." त्यांनी खण उघडला, चिठ्ठी लावलेली एक लहानशी डबी काढली, तुकडा फुंकून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बाजूला झाले. मी डोळा लावला. डोळ्याची काच कोणाच्या तरी पापणीनं ओशट झालेली. आत दाणे होते. एक या कुशीवर, एक त्या कुशीवर, कोणाचा कोणाशी मेळ नाही, बाजारच्या गर्दीत माणसं उभी असतात तसे वाटेल तिकडे तोंड करून उभे. इतके जिवंत दाणे मी सहा वर्षांत पाहिले नव्हते. "हा तो नाही," मी म्हटलं. "तोच आहे," काका म्हणाले. "थांबा." त्यांनी खालची तबकडी बोटानं हळूच फिरवली, एक दाणा शोधला, त्याच्या फांद्या बरोबर उभ्या-आडव्या होईपर्यंत वळवला, मग भिंग बदललं की तो एकच दाणा सगळीकडे भरून राहिला. "आता बघा." आता ते पान सदतीस होतं.

"तुम्ही हे वळवून घेतलंत?"

"मग काय करणार? तीनदा तुकडा परत पाठवलात तुम्ही. 'पॉलिश नीट नाही. फांद्या ओढल्या गेल्यात, पुन्हा करा.' चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे. मी म्हटलं, एवढी वर्षं घासतोय, आता काय माझा हात बिघडला की काय. आठ दिवस नुसता हातच तपासत होतो, कुठे जास्त दाबला जातोय का. मग वर येऊन तुमचं चित्र बघितलं. म्हटलं, हां, मॅडमना सरळ पाहिजे होय. मग शोधला एक आणि केला सरळ. त्यात काय मोठंसं." ते हसले. "त्यावर तुम्ही बिस्किटांचा पुडा पाठवला होता. नातवंडांनी संपवला."

चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. एकेक शब्द आठवत होता. तिसऱ्या चिठ्ठीवर तर 'कृपया लक्ष देऊन करावे' असंही लिहिलं होतं, आणि ते लिहिताना मला वाटलं होतं की या जुन्या माणसांना आता बारीक काम जमत नाही, बिचारे. खरा धातू तीन वेळा माझ्या टेबलावर आला होता आणि मी त्याला, तू नीट घासला गेला नाहीस म्हणून परत धाडलं होतं. चौथ्यांदा माझं मलाच परत आलं, तेव्हा मी बिस्किटं पाठवली. काकांनी चहा ओतून कप पुढे केला. कपाच्या कडेला काळं बोट उमटलेलं होतं. नाही म्हणवेना म्हणून मी कप घेतला, ओठांना लावल्यासारखं केलं, आणि ते डबी खणात ठेवायला वळले तेव्हा चहा मोरीत ओतून टाकला. पाण्याचा नळ चालू होता, त्यामुळे आवाज आला नाही.

"माझं काही चुकलं का मॅडम?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"नाही काका."

"ही खोली बंद होणार म्हणतात."

"बघू."

"तुमचं सगळं इतकं बरोबर येतंय म्हटल्यावर बंद करतीलच की," ते म्हणाले. "उगाच कोण कापत बसेल." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दुपारभर मी दार लावून बसले. सांगायचं, हे मी ठरवलंच होतं. याबद्दल माझ्या मनात काही किंतू नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकते. वाक्यही तयार केलं. चूक माझी आहे, चौकोन जाड राहिले, सहा महिने द्या, आणि तोवर तळघरातली खोली चालू ठेवा. संडासातल्या बेसिनवर हात धुताना ते दोनदा पुटपुटून पाहिलं. जमत होतं. आरशात स्वतःकडे बघितलं तर चेहरा चांगला दिसत होता, खरं बोलायला निघालेल्या बाईचा, जरा उतरलेला, जरा उदात्त. आणि तो बघून मला माझीच किळस आली, कारण खरं अजून बोलायचंच होतं आणि त्याचं श्रेय मी आधीच घेऊन टाकलं होतं. मी पुन्हा हात धुतले. तिथला साबण चिरला होता आणि त्याच्या चिरेत कोणाचा तरी मळ होता.

चार वाजता सभेच्या खोलीत वावा होते, ब्रेकवाल्यांकडून आलेले तिघे होते, आणि भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्च्यांवर माझ्या हाताखालची चार पोरं होती, मीच शिकवलेली, मांडीवर वह्या घेऊन. ती असतील हे मी धरलं नव्हतं. पडद्यावर पान सदतीस. वावांनी दोनदा वा म्हणून झालं आणि मग ब्रेकवाल्यांची इंजिनिअर, माझ्याच वयाची, बारीक कापलेल्या केसांची, अगदी साधेपणानं म्हणाली, "एक विचारू का? मागच्या आठवड्यात आमच्याकडे आम्ही एक जबडा कापून बघितला. त्यात दाणे वाटेल तसे कललेले निघाले. तुमच्याकडे इतके सरळ कसे?" यापेक्षा आयती संधी देवानं तरी काय द्यायची. "त्यात चूक आहे," मी म्हणाले. मला हलकं वाटलं. ती म्हणाली, "कशात? चित्रात की फोटोत?" मागे एका पोराची खुर्ची करकरली. मला वळून बघायची गरज नव्हती; मला ती चार तोंडं पाठीवर दिसत होती. जाळी उत्तरात दिसली तर तुम्हीच उत्तर दिलंत. वहीत लिहून घेतलेलं, तारखेसकट. बाहेर पडून जिन्यात ती एकमेकांकडे बघतील, हसणार नाहीत, नुसती थांबतील.

"फोटोत," मी म्हणाले.

आणि ते खरं होतं. त्यातला ओंगळपणा हाच, की ते खरं होतं. फोटो वळवून काढलेला आहे, मला आजच कळलं, असं मी शांतपणे सांगितलं. वावांनी तळघरात फोन केला. घासकाका वर आले, अंगावरच्या कापडी एप्रनला हात पुसत दाराशी उभे राहिले. बसा असं त्यांना कोणी म्हटलं नाही, मीही नाही. "फोटो तुम्ही वळवून काढलात?" वावांनी विचारलं. "हो साहेब." "कोणी सांगितलं होतं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. "कोणी नाही साहेब. माझ्याच डोक्यातून आलं." हेही खरंच होतं; वळवा असं मी कुठल्याच चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. इंजिनिअर म्हणाली, "मग तुलनाच उरली नाही. नुसत्या मॉडेलवर कसं जायचं?" आणि मी बोलू लागले. वेगवेगळ्या सुरुवातीपासून आम्ही बेचाळीस वेळा चालवलंय, मी म्हटलं, बेचाळीसही वेळा हेच आलं. खरं. बेचाळीस वेळा तेच चौकोन होते. "तुमचा तुकडा कुठून कापला होता?" मी विचारलं. "कडेचा," ती म्हणाली. "कडेला धातू आधी थंड होतो. तिथे असं दिसणारच." हे काही खरं नव्हतं; कडेला असो की मध्यभागी, दाणे वाटेल तसेच कलतात. दिवसभरात या कामाबद्दल तोंडातून पडलेलं ते पहिलं धडधडीत खोटं आणि ते इतकं सहज, इतकं गोड आवाजात आलं की मला क्षणभर स्वतःचा आवाज आवडला. तिनं मान हलवली आणि लिहून घेतलं. भिंतीकडच्या पोरांनीही लिहून घेतलं. वावा म्हणाले, "म्हणून तर मी म्हणतो, ती खोली बंद करा. हातच्या कामात हे असं होतं. फोटो काढून टाका आणि सही करून घ्या." काका अजून दाराशीच होते, जा असंही त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. पेन माझं नव्हतं, वावांच्या खिशातलं होतं, उबदार आणि ओलसर. मी सही केली.

बाहेर आले तेव्हा ते जिन्याजवळ थांबले होते. मला वाटलं, आता येणार. यावं असंही वाटलं. शिवी दिली असती, त्या तीन चिठ्ठ्या खिशातून काढून तोंडावर मारल्या असत्या, तर मी त्या उचलून तशीच आत गेले असते, अजून सगळे खोलीतच होते. निदान मला तसं वाटलं. माझ्या वाटण्यावर आता मी फारसा विश्वास ठेवत नाही.

"रागावला नाहीत ना मॅडम?" ते म्हणाले.

"मी कशाला रागावू?"

"नाही, तुम्हाला सगळ्यांसमोर खाली बघायला लागलं माझ्यापायी." त्यांनी आवाज खाली आणला. "एक सांगू का? तुमच्या त्या चिठ्ठ्या यायच्या ना, तेव्हा मी मनात म्हणायचो, मॅडमच्या कॉम्प्युटरचंच काहीतरी बिनसलंय, धातू असा सरळ वाढत नसतो. घरीही बोललो होतो. सून दोन्ही पोरांना घेऊन रोज बसनं जाते, तर मलाच आपला घोर लागून राहिला होता. तिलाही उगाच घाबरवलं. आज तुम्ही स्वतः सांगितलंत, तेव्हा जीव भांड्यात पडला बघा. माझीच चूक निघाली ते बरं झालं." त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. भेगा टोचल्या. मी हात सोडवून घेतला नाही. "सुनेला आजच सांगतो," ते म्हणाले, "निर्धास्त जात जा म्हणून."

"सांगा," मी म्हणाले.